करवीर : संस्थान गेलं, संस्था राहिल्या

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीच्या काठानं एक लांबच लांब उद्यान पसरलेलं आहे. उद्यान संपतं तिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर एक नक्षीदार छत्री उभी आहे आणि छत्रीखाली डोक्यावर पागोटं असलेल्या एका हिंदी तरुणाचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सचे लोक या स्मारकाला 'इंडियानो' म्हणतात. जवळच्या मोठ्या पुलालाही त्यांनी तेच नाव दिलं आहे.

हा तरुण म्हणजे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. 1870 मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. इंग्लंडमध्ये काय पाहिलं, कोणाला भेटलो, याची रोजनिशी ते इंग्रजीत लिहीत होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये त्यांचा आजार बळावला आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांनी देह ठेवला. वय जेमतेम वीस. सोबतच्या मंडळींनी तिथल्या अधिकाऱ्यांकडे दहनाची परवानगी मागितली. दोन नद्यांचा संगम शोधला आणि पंचगंगेच्या काठच्या राजाला आर्नोच्या काठी अग्नी दिला.

कोल्हापुरात मात्र हे नाव वेगळ्या कारणानं रोज उच्चारलं जातं. 1880 पासून चालत आलेलं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं. तिथं शिकणाऱ्या मुलाला फ्लॉरेन्सची छत्री ठाऊक असेलच असं नाही, पण कॉलेज ठाऊक असतं. राजा जातो आणि त्याच्या नावाची चालती-बोलती जागा मागे राहते, ही या संस्थानाची रीत. कोल्हापूर समजून घ्यायचं तर सनावळीइतकंच या जागांकडेही बघायला हवं.

पाच नद्यांचं पाणी

सह्याद्रीवरून उतरणाऱ्या भोगावतीला वाटेत तुळशी आणि कुंभी मिळतात. प्रयाग चिखलीला कासारी येऊन मिळते. या चार नद्या आणि श्रद्धेनं मानलेली गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. कोल्हापूरच्या घाटाला स्पर्श करून ती पूर्वेकडे जाते आणि नृसिंहवाडीला, म्हणजे दत्तभक्तांच्या नरसोबाच्या वाडीला, कृष्णेत विलीन होते. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तर पूर्वेला शिरोळात पाचशेच्या आसपास. पश्चिमेला भाताची खाचरं आणि गव्यांचं रान, पूर्वेला काळी जमीन आणि ऊस. मधल्या घाटवाटा कोकणात उतरतात आणि पूर्वेकडचे रस्ते कानडी मुलखात शिरतात. असा सांधा असलेला मुलूख एकलकोंडा राहूच शकत नाही.

त्याचा पुरावा पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला. तिथं सातवाहन काळातलं नांदतं गाव मातीखाली होतं. त्याच्या अवशेषांत ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी ब्राँझची मूर्ती निघाली. रोमशी चालणारा व्यापार किनाऱ्यावरच्या बंदरांतून घाट चढून इथवर पोचला होता. 1945-46 मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी या टेकाडाचं शास्त्रीय उत्खनन केलं. तो समुद्रदेव आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे, समुद्रापासून घाटभर उंचीवर.

पुढे शिलाहारांनी हा प्रदेश घडवला. दुसऱ्या भोज राजानं बाराव्या शतकाच्या अखेरीस पन्हाळा बांधला. कृष्णाकाठी खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर उभं राहिलं. त्याचा स्वर्गमंडप मधोमध उघडा आहे. वर्तुळाकार खांबांच्या मधून वर पाहिलं की आभाळाचा गोल तुकडा दिसतो.

शहराचं काळीज मात्र अंबाबाईचं देऊळ. करवीरनिवासिनी महालक्ष्मी हे तिचं पोथीतलं नाव, घरातलं नाव अंबाबाई. मोगली धामधुमीत मूर्ती लपवून ठेवावी लागली होती. 1715 मध्ये तिची देवळात पुन्हा स्थापना झाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गाभाऱ्यापर्यंत पोचतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग कमरेवर, मग मुखावर चढतात. यालाच किरणोत्सव म्हणतात. हवेत धुकं असलं किंवा वाटेत एखादी इमारत आडवी आली, तर किरण अडतात. त्या संध्याकाळी देवळात उभा असलेला प्रत्येक जण श्वास धरून उजेडाची वाट बघत असतो. शतकांपूर्वीच्या कारागिरांनी दगड रचताना सूर्याचा मार्ग ध्यानात घेतला होता, ही गोष्ट त्या पाच-सात मिनिटांत अंगावर येते.

ताराराणींचं राज्य

मार्च 1700 मध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराज वारले. हे शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र. समोर औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दख्खनेत ठाण मांडून बसला होता. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई तेव्हा पंचविशीत होत्या. त्यांनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेतला. औरंगजेब एक किल्ला घेई, तो पुढच्या किल्ल्याकडे वळला की मराठे आधीचा परत मिळवत. सात वर्षं हे चाललं. 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. दख्खन जिंकायची त्याची इच्छा त्याच्यासोबतच संपली.

त्यानंतर मोगलांनी संभाजी महाराजांचे पुत्र शाहू यांना सोडलं आणि गादीवर दोन दावेदार झाले. शाहूंनी सातारा धरला, ताराबाईंनी 1710 मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली. हीच कोल्हापूरच्या राज्याची सुरुवात. पण 1714 मध्ये पन्हाळ्यावरच कारभार पालटला. ताराबाईंच्या सवत राजसबाई आणि त्यांचे पुत्र संभाजी यांनी सत्ता घेतली आणि जिनं राज्य उभं केलं तीच राणी कैदेत गेली. 13 एप्रिल 1731 रोजी वारणेचा तह झाला आणि वारणा नदी दोन राज्यांची हद्द ठरली. ताराबाईंचं पुढचं आयुष्य साताऱ्यात गेलं आणि 1761 मध्ये तिथंच संपलं.

कोल्हापूरकरांनी मात्र त्यांना परकं होऊ दिलं नाही. शहरात शिरताना कावळा नाक्यावर उधळत्या घोड्यावरच्या ताराराणींचा पुतळा सामोरा येतो. या मुलखाची ओळख स्त्रीच्या नावानं सुरू होते: देवी अंबाबाई, राज्याची संस्थापक ताराबाई. त्यांच्यानंतर या संभाजींच्या पत्नी जिजाबाईंनीही 1760 ते 1773 अशी तेरा वर्षं राज्याचा गाडा हाकला. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्यावरून खाली करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, आली आणि जुना राजवाडा, भवानी मंडप, अंबाबाईचं देऊळ यांच्याभोवती आजचं शहर वाढत गेलं.

इंग्रजांची सावली

1812 मध्ये कोल्हापूरनं इंग्रजांशी तह केला. राज्य टिकलं, पण मोकळा श्वास गेला. 1844 मध्ये पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखणारे गडकरी सामानगड, भुदरगड, पन्हाळ्यावर उठले. त्यांच्या वतनांवर आणि मानावर गदा आली होती. तोफांनी हा उठाव मोडला. 1857 मध्ये कोल्हापुरातली पलटण बिथरली. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय ठेवून त्यांना कराचीला नेऊन ठेवलं आणि ते तिथंच वारले. फ्लॉरेन्सला वारलेल्या राजाराम महाराजांच्या मागून आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. 1883 च्या डिसेंबरमध्ये एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. त्यांच्या छळाबद्दल लिहिलं म्हणून दिवाण बर्वे यांनी 'केसरी' आणि 'मराठा'वर खटला भरला आणि 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. या दोघांचा पहिला तुरुंगवास कोल्हापूरच्या छत्रपतीसाठी होता.

तीस-चाळीस वर्षांत इतके घाव बसलेल्या घराण्यात 17 मार्च 1884 रोजी कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंत दत्तक आला. त्याचं नाव ठेवलं शाहू.

26 जुलै 1902

2 एप्रिल 1894 रोजी शाहू महाराजांनी राज्याची सूत्रं घेतली, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. कारभारात बघितलं तर सामान्य प्रशासनातल्या 71 जागांपैकी 60 जागा एकाच जातीकडे. गावोगाव फिरणाऱ्या या राजाला शेतकऱ्याची झोपडी, धनगराचा वाडा, महारवाडा ठाऊक होता. पाऊस हुकला की काय होतं हे त्यांनी 1896-97 च्या दुष्काळात आणि पाठोपाठच्या प्लेगमध्ये जवळून पाहिलं. राज्य आपल्याला मिळालं ते या माणसांसाठी, ही त्यांची धारणा तिथं पक्की झाली. 1899 च्या वेदोक्त प्रकरणानं तिला धार आली. छत्रपतींसाठीही वेदोक्त मंत्र म्हणायला नकार मिळतो, तर ज्याच्या पायात पायताण नाही त्याचं काय होत असेल?

उत्तर त्यांनी कायद्यानं दिलं. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते इंग्लंडला गेले असतानाच 26 जुलै 1902 रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात आज्ञा प्रसिद्ध झाली. यापुढे रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निदान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांना द्याव्यात. हिंदुस्थानात एखाद्या राज्यानं सरकारी नोकरीत मागासांसाठी इतका ठळक वाटा राखण्याची ही पहिली वेळ. पुढे अर्धशतकानं देशाच्या राज्यघटनेत जे तत्त्व आलं, त्याचं एक मूळ करवीरच्या या गॅझेटात आहे.

पण नुसती जागा राखून भागत नाही, त्या जागेवर बसायला शिकलेला मुलगा लागतो. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठं आणि जेवणार काय? महाराजांनी या साध्या अडचणीवर बोट ठेवलं. 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांचं वसतिगृह निघालं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांचं माहेर म्हणतात ते यामुळे. दसरा चौकात उभं राहिलं की त्यातली कित्येक आजही नजरेच्या टप्प्यात येतात. जैन बोर्डिंगमध्ये राहून भाऊराव पाटील नावाचा एक मुलगा शिकला. त्यानं 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहाची ही कल्पना महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत नेली.

1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार मिळाला, महार वतनं मोडून जमिनी मालकीच्या करून दिल्या गेल्या आणि सरकारी शाळा-दवाखान्यांत शिवाशिव पाळायला बंदी आली.

कायद्याला जे साधत नाही ते महाराजांनी एका कपानं साधलं. राजवाड्याच्या पागेत काम करणारे गंगाराम कांबळे यांना हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज रस्त्यातून जाताना स्वतः तिथं गाडी थांबवू लागले. चहा मागवायचे, पिऊन बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावायचे. कोल्हापुरात एका चहाच्या टपरीनं जे काम केलं, ते कित्येक भाषणांनी झालं नसतं.

21 आणि 22 मार्च 1920 रोजी कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते नुकतेच 'मूकनायक' काढलेले डॉ. भीमराव आंबेडकर. शाहू महाराज तिथं आले आणि यांच्या रूपानं तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी मिळाला आहे, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. त्याच कोल्हापुरानं बाबासाहेब हयात असताना, 9 डिसेंबर 1950 रोजी, बिंदू चौकात महात्मा फुल्यांच्या शेजारी त्यांचा पुतळा बसवला.

धरण, बंधारा आणि गूळ

पश्चिमेला धो धो पाऊस आणि पूर्वेला उन्हाळ्यात कोरडी नदी. पावसाळ्याचं पाणी डोंगरातच अडवून उन्हाळ्यात नदीत सोडलं, तर नदी बारमाही होईल. हा विचार घेऊन शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं आणि तिथं वसवलेल्या गावाला आपल्या मुलीच्या नावावरून राधानगरी नाव दिलं. पैशाच्या ओढाताणीत काम मध्येच थांबलं. महाराज 1922 मध्ये गेले. धरण पुरं व्हायला आणखी तीन दशकं लागली. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या घराघरांत दोन गोष्टींची विचारपूस होते: राधानगरीचे किती दरवाजे उघडले आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं. एकोणचाळीस फूट ही इशारा पातळी आणि त्रेचाळीस फूट धोक्याची, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी तो आकडा लोकांच्या काळजावरच कोरला आहे.

राधानगरीतून सोडलेलं पाणी खाली ठिकठिकाणी अडवण्याची युक्तीही इथलीच. नदीत दगडी खांब उभे करायचे, दोन खांबांमधल्या खाचांत पावसाळा सरल्यावर लाकडी फळ्या बसवायच्या आणि पाणी तुंबवायचं. पुढच्या पावसाळ्याआधी फळ्या काढून घ्यायच्या, म्हणजे पूर मोकळा वाहतो आणि गाळही साठत नाही. महाराष्ट्रभर याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. मराठवाड्यात किंवा विदर्भात नदी ओलांडताना अशी खांबांची रांग दिसली, तर तिचं माहेर पंचगंगेच्या खोऱ्यात आहे हे ध्यानात असू द्यावं.

पाणी वाढलं तसा ऊस वाढला आणि उसाबरोबर गूळ. धरणाच्या आधीच, 1895 मध्ये, शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाला हक्काचा बाजार मिळाला. 1891 मध्ये सुरू झालेल्या मिरज-कोल्हापूर रेल्वेनं तो दूरवर नेला. गुऱ्हाळघरात चुलवाणावर काहिलीत रस उकळतो, रानभेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती काढून टाकली जाते. रस कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. क्षणभर लवकर झाला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपट होतो. त्याच्या हातात मोजमापाचं कुठलंही यंत्र नसतं. उकळीचा रंग, वास आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी एवढ्यावर तो निकाल देतो.

गाणं आणि पडदा

शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायक म्हणून होते. जयपूर-अत्रौली घराण्याची पेचदार, दमसासाची गायकी त्यांनी इथं रुजवली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत जगातल्या निवडक संगीतासोबत अंतराळात गेली. गायन समाज देवल क्लबची बैठक तर शतकाहून जास्त काळ भरते आहे. आबालाल रहिमान या चित्रकारानं मुंबईतलं शिक्षण संपवून कोल्हापूर गाठलं आणि रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट पहाटे-सांजेला रंगवत आयुष्य काढलं.

नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या दोन भावांना तर वेगळाच ध्यास लागला. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांनी सिनेमा पाहिला आणि आपणही करायचा असं ठरवलं. कॅमेरा परदेशातून आणायला पैसे नव्हते, म्हणून तो स्वतःच बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी जिद्द सोडली नाही. 1917 च्या अखेरीस महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवलं. 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. बाबूराव मेस्त्रींचे बाबूराव पेंटर झाले आणि त्यांच्या हाताखाली शांताराम, दामले, फत्तेलाल तयार झाले. 1925 च्या 'सावकारी पाश'नं शेतकऱ्याच्या कर्जाची गोष्ट पडद्यावर आणली. 1 जून 1929 रोजी याच शहरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि चार वर्षांनी पुण्याला गेली. भालजी पेंढारकर मात्र जयप्रभा स्टुडिओत पाय रोवून राहिले. खरी कॉर्नरला कोल्हापूरकरांनी कॅमेऱ्याचं स्मारक उभं केलं आहे. यंत्राला असा मान देणारी गावं थोडीच असतील.

ताट, पायताण आणि बोली

घरी मटण असेल तर ताटात दोन वाट्या येतात. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध आणि खसखस-काजूचं वाटण पडलं की पांढरा रस्सा, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात चटणी पडली की तांबडा. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात वर्षभराची मिरची वाळवून डंकावर कुटली जाते तेव्हा अख्ख्या गल्लीला ठसका लागतो. हॉटेलवाले कोल्हापुरी म्हणून तोंड भाजणारं काहीतरी वाढतात. घरच्या रश्शात तिखटापेक्षा चव पुढे असते. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात ओततात. तालमीतून आलेला पैलवान आणि चष्मेवाला आजोबा शेजारी उभे राहून ते पितात.

कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याची. तळ, पट्टा, वेणी सगळं हातानं शिवलेलं, खिळ्याशिवाय. कापशी, कचकडी, बक्कलनाली अशी गावांवरून आणि घडणीवरून पडलेली नावं. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. चामड्याला राज्याची सीमा ठाऊक नसते. हे कसब ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं, त्यांना चपलेच्या कीर्तीइतका मोबदला अजून मिळायचा आहे.

बोलीचंही तसंच. कन्नडच्या शेजारात वाढलेली कोल्हापुरी मराठी 'काय करालायस?' अशी विचारपूस करते. बाईही 'मी येतो, जेवतो' असं बेधडक म्हणते. परक्यानं पत्ता विचारला तर 'भावा' म्हणून हाक येते आणि नुसता रस्ता सांगून भागत नाही, सोबत चार पावलं चालून दाखवला जातो.

1948 आणि 1952

चांगला राजा मिळाला म्हणून प्रजेनं कायम प्रजाच राहायचं नसतं. वसतिगृहांत शिकलेली पिढी मोठी झाली आणि तिनं मतदानाचा, जबाबदार कारभाराचा हक्क मागितला. 1939 मध्ये प्रजा परिषद निघाली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांनी लढा दिला, तुरुंग भोगला. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पन्हाळ्यावर सुरू झालेली जवळपास अडीचशे वर्षांची गोष्ट त्या दिवशी कागदोपत्री संपली.

प्रत्यक्षात काय झालं ते एका पैलवानाच्या आयुष्यात दिसतं.

शाहू महाराजांचा जीव कुस्तीत होता. 1902 च्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं. 1912 मध्ये खासबागेत तसंच गोल मैदान तयार झालं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक. शेवटच्या ओळीतल्या माणसालाही डाव स्पष्ट दिसावा, मध्ये कोणाचं डोकं येऊ नये, अशी रचना. हौद्यातली माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून लोण्यासारखी मऊ केली जाते. हलगी कडाडते, शड्डू घुमतो. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत दूरदूरच्या गावांतली पोरं वस्तादांच्या हाताखाली पहाटे जोर-बैठका मारतात.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव शिकायला कोल्हापूरला आले, राजाराम कॉलेजात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. गादीवरची कुस्ती त्यांना नवीन होती, तरी सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान उरलं नव्हतं. खाशाबा पैशांसाठी दारोदार फिरले. गावकऱ्यांनी, ओळखीच्यांनी जमेल तशी वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. 1952 मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

1948 मध्ये राजानं दिलं, 1952 मध्ये मास्तरानं दिलं. हे देणं फ्लॉरेन्सला गेलेल्या राजाच्या नावाच्या कॉलेजातूनच आलं. संस्थान संपलं तरी त्याची दानत ज्यांच्या अंगी उतरली होती, त्यांनी ते काम पुढे चालवलं.

आजही हे दिसतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री खासबागेला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू केलेली ती वास्तू. दुसरा दिवस गायक-नट केशवरावांच्या जयंतीचा. कलावंत आणि रसिक त्या काळवंडलेल्या भिंतींसमोर येऊन उभे राहिले आणि घरातलं माणूस गेल्यासारखे रडले. नाट्यगृह होतं तसं उभं करा, ही मागणी तिथंच सुरू झाली.

6 मे 2022 रोजी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद थांबलं. रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, दुकानदार गल्ल्यामागून बाहेर आले, ज्याच्या हातात जे काम होतं ते त्यानं खाली ठेवलं. मग शंभर सेकंद सरले आणि जो तो आपापल्या कामाला लागला: कोणी शाळेत, कोणी बाजारात, कोणी तालमीत. त्यातल्या किती जागा त्या राजानं उघडून दिल्या होत्या, हे मोजत बसायला कोणाला सवड नव्हती. त्या जागा आता त्यांच्या स्वतःच्या होत्या.